हतनूरच्या फुगवट्यावर गळाची स्पर्धा

बुधवार

हतनूरचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडले की तापीकाठच्या गावांना इशारा जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फेसाळत्या पाण्याचा फोटो येतो. फेब्रुवारीत या धरणाकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. दरवाजे बंद, कालव्याचं आवर्तन चालू, आणि तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत मागे पसरलेला फुगवटा रोज थोडा थोडा खाली सरकत असतो. गळवाल्यांना हेच दिवस हवे असतात. पाणी निवळलेलं असतं, दिवसा ऊन चढतं, आणि थंडीत खोलात बसलेला मासा चरायला उथळाकडे यायला लागतो.

मी भुसावळची. गळ टाकायला शिकले ती याच पाण्यावर, चांगदेवच्या बाजूला. नोकरीमुळे पुण्याला गेले, गळ सुटला नाही, पण हतनूर मागे पडलं. यंदा परत आले ती कार्पची, म्हणजे कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या माशांची, स्पर्धा भरवायला. चौदा जोड्या, सलग अठ्ठेचाळीस तास, आणि वजन झालेला प्रत्येक मासा जिवंत परत पाण्यात.

यातलं शेवटचं कलम कागदावर सोपं दिसतं. धरण जलसंपदा खात्याचं असलं तरी त्यातली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थेकडे असते. संस्था मत्स्यबीज आणून सोडते, सभासद पहाटे जाळी काढतात, मासा भुसावळ-मुक्ताईनगरच्या बाजारात जातो, त्यावर घरं चालतात. त्यांच्या पाण्यात येऊन त्यांचा दहा किलोचा कटला धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हा हक्क आम्हाला कुणी दिला? त्यांनी विचारायच्या आधी आपणच हे स्वतःला विचारायला हवं. त्याचं उत्तर न शोधता भरवलेली स्पर्धा मला त्यांच्या पाण्यावरची घुसखोरी वाटते, मग बक्षीस कितीही मोठं असो.

दिवाळीनंतर संस्थेच्या बैठकीला गेले होते. अध्यक्षांना अख्खा काठ आप्पा म्हणतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढा मासा धरा अन् सोडी द्या. मंग धरता काहाले?" कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, आमच्यासाठी धरणं हाच खेळ आहे, आणि या खेळाचे पैसे आम्ही तुम्हाला देणार आहोत." पुष्कळ बोलणं झालं, चहा दोनदा फिरला, आणि संस्थेने तीन अटी घातल्या. स्पर्धेच्या दिवसांत जाळी बाहेर ठेवू, बुडालेला धंदा भरून द्या. काठावर देखरेखीला आमचीच पोरं घ्या, रोजाने. आणि तिसरी आप्पांच्याच शब्दांत, "काटा आमच्या हातात राहीन. वजन आमी करू, सोडनं आमी करू."

माझ्याबरोबरच्या आयोजकांपैकी दोघांना ही तिसरी अट जड गेली. मासा विकून पोट भरणारा माणूस बारा किलोचा मासा अलगद सोडेल का, अशी त्यांना शंका होती. मला ती अट जागच्या जागी पटली. ज्यांनी जन्मभर मासा हाताळला त्यांच्याइतके सवयीचे हात आम्ही पुण्या-मुंबईहून कुठून आणणार होतो?

आजचा दिवस काठ चालण्यात गेला. संस्थेचे जुने सभासद नाना होडी घेऊन बरोबर होते. चौदा जागा ठरवायच्या म्हणजे प्रत्येक जागेसमोरचा तळ हाताने वाचायचा. रॉडला जड शिसं बांधून लांब फेकायचं, तळाला टेकलं की दोरी ताणून सावकाश ओढत आणायचं. गोट्यांवर रॉडचं टोक टकटक करतं. शेवाळात शिसं जड होतं आणि एकदम सुटतं. गाळात मात्र ते लोण्यातून सुरी यावी तसं येतं, हाताला काहीच कळत नाही. हतनूरला गाळ फार. पूर्णा वऱ्हाडातली काळी माती बरोबर आणते आणि संगमाच्या खाली, जिथे पाण्याचा जोर मोडतो, तिथे टाकते. नानांना यातलं काहीच ओढून बघावं लागत नव्हतं. "इथं जुना रस्ता हाये पान्याखाली. इथं विहिरीचा कठडा." मी मोजायचे आणि तेच निघायचं. शेवटी मोजणं थांबवलं आणि ते सांगतील तिथे खुंट्या ठोकल्या.

दुपारनंतर पाण्यात अर्धवट बुडालेल्या बाभळींना अडकलेली तुटकी जाळी काढली. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं कुजत नाही. मालकाच्या हातून सुटलं तरी ते मासे धरतच राहतं, आणि ते मासे कुणाच्याच उपयोगाला येत नाहीत. एका गुंत्यात एक पाणकावळा वाळून गेला होता, पंख पसरलेले, चोचीत दोऱ्याचे पीळ. नानांनी तो विळ्याने मोकळा केला आणि बाभळीच्या बुंध्याशी पुरला. संध्याकाळपर्यंत चार पोती भरून जाळी निघाली.

डाव्या अंगाचा उथळ दलदलीचा पट्टा आम्ही पूर्ण सोडला. तिथे एकही खुंटी नाही. हतनूर हे पक्ष्यांसाठीचं महत्त्वाचं क्षेत्र म्हणून नोंदलेलं आहे, आणि या दिवसांत चक्रवाक, थापट्या, चांदवे अजून मुक्कामाला असतात. मासा बहुतेक त्याच पट्ट्यात चरत असणार हे आम्हाला माहीत होतं. तरी नाही.

गुरुवार

जोड्या यायला लागल्या. कुणी रेल्वेने भुसावळला उतरून, कुणी थेट गाडीने. नाशिक, नागपूर, अकोला, मुंबई, सुरत, इंदूर. सामान बघून काठावरची पोरं थक्क झाली: रॉड ठेवायचे स्टँड, मासा ओढला की वाजणारे अलार्म, रात्रीचे तंबू, गाद्या. गाद्या माणसांसाठी नव्हेत. मासा काठावर घेतला की खडकावर आपटू नये, त्याचा बुळबुळीत थर खरवडू नये, म्हणून त्याच्याखाली पाण्याने भिजवलेली जाड गादी हवी. गादी नाही त्याला प्रवेश नाही, असं आम्ही आधीच कळवलं होतं.

आमिषाचं काम शेतातच चालू झालं. कार्पसाठी उकडून घट्ट केलेले गोळे वापरतात, बॉइली म्हणतात त्यांना. तयार पाकिटं मिळतात, पण अकोल्याच्या दोन भावांनी इथेच चूल मांडली. मैदा, बेसन, शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ, अंडी, आणि आदल्या दिवशी सावद्याहून आणलेली, साल काळी पडेपर्यंत पिकलेली केळी. सगळं मळून, बोराएवढे गोळे वळून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं. वर तरंगले की काढून गोणपाटावर वाळत. अंड्यामुळे वरचं कवच कडक होतं आणि बारीक मासे ते टोचून खाऊ शकत नाहीत. केळीचा वास मात्र आतून झिरपत राहतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्याला लागून असलेल्या पाण्यात केळीच वापरावी, हा त्यांचा विचार मला फार आवडला.

हे गोळे गळाला टोचत नाहीत. गळाच्या बुडाशी बारीक दोऱ्याचं टोक सोडतात आणि गोळा त्यात ओवतात. याला हेअर रिग म्हणतात. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी ही पद्धत काढली आणि कार्पचा खेळच बदलला. कार्प खाणं आधी ओढून घेतो, तोंडात चाचपतो, संशय आला तर फुंकून टाकतो. उघडा गळ असा फुंकताना खालच्या ओठात रुततो. म्हणजे मासा गिळत नाही, गळ ओठातच राहतो, आणि काढायला सेकंद पुरतात. सोडून द्यायच्या मासेमारीला ही रीत म्हणूनच लागते. आपल्याकडे बरेच जण कोंड्याचा मोठा गोळा स्प्रिंगवर दाबून त्याभोवती चार-पाच गळ लावतात. त्याने मासा लागतो खरा, पण डोळ्यात, कल्ल्यात, पोटावर, कुठेही लागतो. आमचा नियम: एका दोरीला एक गळ, तोही बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटा दात नसलेला. आणि शिसं असं बांधायचं की दोरी तुटली तर ते गळून पडेल, माशाच्या गळ्यात लोढणं राहणार नाही.

संध्याकाळच्या बैठकीत यापेक्षा वेगळ्याच गोष्टीवर वाद पेटला. इंदूरच्या जोडीचं म्हणणं होतं की कटला, रोहू, मृगळ हे आपल्या नद्यांचे मासे, त्यांचं वजन पूर्ण धरा. सायप्रिनस बाहेरून आणलेला, त्याचं निम्मं धरा. मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. सायप्रिनस १९३९ मध्ये श्रीलंकेहून उटीला आणला, १९५७ मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून आली, आणि तो तळ उकरून पाणी गढूळ करतो हेही खरं. त्याच १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी कटकला आपल्या कार्पना पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. आपले हे मासे वाहत्या, चढत्या पाण्याशिवाय विणीला येत नाहीत; धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं ते त्यामुळेच. सायप्रिनसला पूर लागत नाही, तो साचल्या पाण्यातच वाढतो. वाद बराच रंगला. आप्पा कडेला बसून ऐकत होते. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "जाळ्यात दोन्ही येतात. दोन्ही इकतो आमी." तेवढ्यावर संपलं. सगळ्या कार्पचं वजन सारखं, किमान दोन किलोचा मासा मोजायचा.

जेवण भरिताचं. बामणोदची हिरवी-पांढरी मोठी वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे घालून केलेलं. बरोबर कळण्याची भाकरी. नागपूरच्या एका ताईंनी इतकी मिरची सोसणार नाही म्हणून थोडंसंच घेतलं आणि मग दोनदा मागून घेतलं.

शुक्रवार

सकाळी चिठ्ठ्या काढल्या. ठराविक जागेचा मोह प्रत्येकाला असतो, म्हणून हे काम संस्थेतल्या एका सभासदाच्या शाळकरी मुलीकडे दिलं. तांब्यात चौदा घड्या, तिने एकेक काढायची आणि मोठ्याने वाचायची. नऊ नंबर जुन्या रस्त्यासमोरचा, तो सुरतकरांना गेला आणि त्यांनी तिथल्या तिथे तिला नमस्कार केला. अकोल्याचे भाऊ चौदाव्या, कडेच्या जागेवर. समोर नुसता गाळ. त्यांची तोंडं उतरली.

बाराला शिट्टी. चौदा जागांवरून शिसं पाण्यात पडल्याचे आवाज, आणि मग काहीच नाही. दुपारचे तास तसेच गेले. याचं कारण कार्पच्या कानात आहे. त्याच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे पाण्यातली धपधप त्याला फार लांबून कळते. छप्पन्न रॉडची शिसं एकदम पडली तर मासा चुळकन बाजूला होणारच. ज्यांनी थोडंच खाणं टाकलं आणि पुन्हापुन्हा दोरी काढून फेकायचा मोह आवरला, त्यांनाच संध्याकाळ फळली.

पहिला मासा सात नंबरला, दिवेलागणीला. अलार्म एक-दोनदा टिकटिकला आणि मग सलग वाजायला लागला, रीलवरची दोरी सुसाट निघाली. दहा-बारा मिनिटांनी मुंबईच्या मुलाने तो हातजाळ्यात घेतला. सायप्रिनस, सोनेरी, तोंडाला मिशांच्या दोन जोड्या.

आप्पा काटा घेऊन आले. मला इथे प्रत्येक हालचाल लिहावीशी वाटते, कारण माझे दोन्ही शंकेखोर मित्र शेजारीच उभे होते. आप्पांनी आधी झोळी पाण्यात बुडवली, पिळली नाही, ठिबकत तशीच काट्याला अडकवून काटा शून्यावर आणला. मग हात कोपरापर्यंत भिजवले. गळ काढताना माशाच्या डोळ्यांवर ओला फडका टाकला, तसा तो शांत पडला. झोळीत सरकवला, गादीच्या वर वीतभरच उचलला. सहा किलो ऐंशी ग्रॅम. चिठ्ठी लिहिली, जोडीची सही, शेजारच्या जोडीची सही. मग ते झोळीसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले. एका हाताने शेपटीच्या मुळाशी धरलं, दुसरा तळवा पोटाखाली, तोंड खोल पाण्याकडे. मागेपुढे हलवलं नाही, नुसता उभा धरला. कल्ले एका लयीत उघडझाप करायला लागले तरी सोडला नाही. माशाने स्वतः शेपूट मारून हात सोडवला तेव्हाच गेला.

"त्याचं त्याले जाऊ द्यायचं," बाहेर येताना ते म्हणाले. रात्री तंबूत त्या दोघांपैकी एकाने मला सांगितलं की पुढच्या वेळी पुण्याच्या स्पर्धेलाही आप्पांना बोलवू.

शनिवार

पहाटे चांगलाच गारवा होता, आणि पाणी हवेपेक्षा उबदार, त्यामुळे सगळ्या फुगवट्यावर वाफ उठलेली. त्या वाफेत नऊ आणि दहा नंबरच्या मधल्या शेवाळात धबाधबा आवाज यायला लागले. सुरतकर उठून रॉडकडे धावले. नानांनी त्यांना थांबवलं. सायप्रिनस विणीला आले होते. एका मादीमागे तीन-चार नर, पाठी पाण्याबाहेर, शेवाळ उलटंपालटं होत होतं. जानेवारी ते मार्च हा त्यांचा मुख्य हंगाम असतो. अंडी चिकट असतात, पाणवनस्पतीला चिकटून राहतात, आणि ती झाडं तुटली तर अंडीही गेली.

तो पट्टा मी लगेच बंद केला. नऊ नंबरच्या डाव्या हाताला आणि दहाच्या उजव्या हाताला कुणी शिसं टाकायचं नाही, म्हणून नानांनी होडीतून दोन बांबू रोवून दिले. सुरतकरांची निम्मी जागा गेली. स्पर्धेत ही छोटी गोष्ट नव्हे, त्यांनी तक्रार केली असती तर मला समजलं असतं. त्यांनी उरलेल्या दोन दोऱ्या खोलात टाकल्या आणि तिथेच दिवस काढला.

याच हंगामामुळे आम्ही मासा पिशवीत ठेवायला बंदी केली होती. परदेशातल्या स्पर्धांत वजनाचा माणूस येईपर्यंत मासा भिजक्या पिशवीत घालून पाण्यात ठेवतात. अंड्यांनी भरलेल्या मादीला ते झेपत नाही. इथे अलार्म वाजला की काठावरचं पोरगं धावत आप्पांना किंवा नानांना आणणार आणि मासा हातजाळ्यातच पाण्यात थांबणार, असं ठरलं होतं. पोरं दोन दिवस अक्षरशः धावली.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि कडेच्या चौदा नंबरचं नशीब पालटलं. वाऱ्याने वरचं कोमट पाणी, त्यातलं सूक्ष्म खाद्य, सगळं त्या कोपऱ्यात लोटलं. अकोल्याच्या भावांनी तेव्हा जे केलं ते बघायला मी तासभर तिथे उभी राहिले. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, त्याला मिशा नसतात, तो तळ उकरत नाही. वरच्या पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. तळावर पडलेल्या बॉइलीकडे तो ढुंकून बघत नाही. धाकट्याने दोन दोऱ्या काढल्या, गळाला फोमचा तुकडा लावून आमिष तळापासून दीड हात वर तरंगत ठेवलं, आणि शिशाभोवती तांदळाचा अगदी मऊ कोंडा, जेमतेम ओला करून दाबला. तो तळाशी गेला की फुटतो आणि धुरासारखा वर चढतो. दर दहा मिनिटांनी नवा कोंडा, त्याच जागी. थोरला मोजत होता, रीलला किती फेरे, कुठे टप्पा. चकार शब्द नाही दोघांत.

चारच्या सुमारास रॉडचं टोक जेमतेम हललं. धाकट्याने उचलला आणि रॉड तसाच वाकलेला राहिला. सायप्रिनस तळाकडे रेटतो, हा सरळ लांब निघाला, संथपणे, थांबायचं नावच नाही. दोरी बाभळीच्या दिशेने जायला लागली तसे नाना होडीत बसले, पण भावाने हात करून थांबवलं. रॉड आडवा पाण्याशी नेऊन त्याने माशाचं डोकं वळवलं. वीस मिनिटं. हातजाळं छोटं पडलं, शेपूट बाहेर राहिली. काळपट पाठ, पोटाकडे रुपेरी, डोकं वीतभर रुंद. आप्पांनी काटा वाचला आणि पुन्हा वाचला. तेरा किलो दोनशे.

काठावर गावातलीही माणसं जमली होती. एक म्हातारी मच्छीमार बाई, डोक्यावर टोपली, बाजारातून परत येताना थांबलेली. आप्पा कटला घेऊन पाण्यात उतरले तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "एवढा मासा! दोन दिवसाचं घर चालन." आप्पांनी मान न वळवता सांगितलं, "बाई, याचे पैशे आपल्याले भेटले हायेत. आन मासाबी आपल्याच पान्यात राह्यला." ती थोडा वेळ बघत राहिली, मग टोपली उतरवून बसली आणि मासा जाईपर्यंत उठली नाही.

आप्पांचं बोलणं शब्दशः खरं होतं. त्या पैशांचा हिशेब त्यांनी बैठकीत सगळ्या सभासदांसमोर वाचून दाखवला होता. पण मला त्या बाईचं म्हणणंही तितकंच खरं वाटतं. बुडालेला धंदा संस्थेला भरून मिळतो. टोपलीतून किरकोळ विकणारी बाई सभासद असेलच असं नाही. रात्री आयोजकांत यावर बोललो आणि उरलेल्या खर्चातून काठावरच्या विकणाऱ्या बायांना स्पर्धेच्या दिवसांचा रोज द्यायचं ठरलं. स्वयंपाकाचं कामही पुढच्या वेळी त्यांच्याकडेच.

रविवार

रात्र सगळ्यात चांगली गेली. मृगळ, रोहू, सायप्रिनस, दर तासा-दोन तासाला कुठे ना कुठे अलार्म. इंदूरच्या जोडीला, ज्यांना सायप्रिनसचं वजन निम्मं हवं होतं, त्यांना सायप्रिनसच लागत राहिले आणि ते तिसरे आले.

एक रोहू वाचला नाही. गळ ओठात न लागता आत कल्ल्याशी लागला होता, रक्त थांबलं नाही. नानांनी अर्धा तास पाण्यात उभं राहून त्याला धरलं. मग संस्थेच्या वहीत त्याची वेगळी नोंद केली, वजनासह, आणि तो त्या बाईच्या टोपलीत गेला. अशी नोंद प्रत्येक स्पर्धेत व्हावी असं मला वाटतं. सोडलेले सगळे मासे जगले असं सांगणारे पुष्कळ भेटतात, मेलेल्याचं वजन लिहून ठेवणारी वही मी पहिल्यांदा इथे पाहिली.

बाराला शिट्टी झाली. अकोल्याचे भाऊ पहिले, एकूण एकसष्ट किलो तीनशे, त्यातला एकटा कटला तेरा दोनशे. मुंबईकर दुसरे. सुरतकरांच्या चार माशांना बक्षीस बसलं नाही, पण बक्षीस वाटताना आप्पांनी माइक मागून घेतला आणि शनिवारी त्यांनी शेवाळाचा पट्टा कसा सोडला ते गावाला सांगितलं. टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या.

मंडप उतरायला लागल्यावर संस्थेच्या खोलीत हिशेबाला बसलो. पैसे मोजून झाले, पावत्या झाल्या. मग आप्पांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. पहिली तारखेची. माघात सायप्रिनस विणीला येतो. स्पर्धा नोव्हेंबरअखेर घ्या. माझी अडचण मी सांगितली: नोव्हेंबरला धरण जवळजवळ भरलेलं असतं, काठ झाडीत बुडालेला, चौदा जागा बसणार नाहीत. नाना म्हणाले, दहा बसतील, त्या मी दाखवतो. दहावर आम्ही राजी झालो.

दुसरी बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची. आमच्या हिश्शातून संस्था कटला-रोहूची बोटुकली घेणार होती, आणि आम्ही पैसे जुलैत द्यायचं ठरवलं होतं, कारण बीज तेव्हा सहज मिळतं. आप्पांनी नाही म्हटलं. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेलं बारीक बीज दरवाजे उघडले की पाण्याबरोबर खाली निघून जातं. बीज आधी तळ्यात वाढवायचं, बोटभराच्या वर करायचं, आणि दरवाजे बंद झाले की ऑक्टोबरमध्ये धरणात सोडायचं. म्हणजे जुलैत बियाण्याचे पैसे आणि पुढचे तीन महिने खाद्याचे, असे दोन हप्ते. खाद्याचा आकडा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काढूनच ठेवला होता. मी तो उतरवून घेतला, आमच्या बाजूने सही केली, आणि दहा जागा आखायला सप्टेंबरअखेर नानांच्या होडीतून पुन्हा फिरायचं असं ठरवून भुसावळची गाडी धरली.